रेंटर्स पॉलिसी लॅप्स झाली आणि त्याच आठवड्यात पाइप फुटला: एडिसनमधलं एक प्रकरण

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये भाड्याच्या अपार्टमेंटात राहणारं एक मराठी जोडपं. दोघंही नोकरी करणारे, मुलगा चार वर्षांचा. इमारत मोठ्या कॉम्प्लेक्समधली, त्यामुळे घरमालक म्हणजे कुणी माणूस नव्हे, तर लीझिंग ऑफिस आणि त्यांचं पोर्टल. लीझमध्ये अट होती की भाडेकरूकडे किमान १ लाख डॉलर लायबिलिटीचा (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा) रेंटर्स इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूचा विमा, कायम असला पाहिजे. तो त्यांनी कंपनीच्या ॲपवरून थेट घेतला होता. महिना २८ डॉलर. त्यातला बराचसा भाग सामानासाठी नव्हे, दागिन्यांसाठी. त्याबद्दल पुढे सांगतो.

नावं बाजूला ठेवतो. तारखा मात्र देतो, कारण सगळं प्रकरण तारखांवरच फिरलं.

२७ डिसेंबरला हे कुटुंब पुण्याला निघालं. टपाल चार आठवडे पोस्टात थांबवून ठेवण्याची सोय केली, थर्मोस्टॅट ५५ अंशांवर आणला (सेल्सिअसमध्ये १३ च्या आसपास), फ्रिज रिकामा केला. ३० डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पाटल्या घेतल्या आणि अमेरिकन कार्ड स्वाइप केलं. परदेशात, सराफाकडे, एकदम मोठी रक्कम. बँकेने व्यवहार होऊ दिला, पण लगेच "हे तुम्हीच का?" म्हणून मेसेज पाठवला. मेसेज गेला अमेरिकन नंबरवर, आणि ते सिम पुण्यात बंद. उत्तर आलं नाही म्हणून बँकेने कार्ड रद्द करून नव्या नंबरचं कार्ड एडिसनच्या पत्त्यावर धाडलं. ते जाऊन पडलं थांबवलेल्या टपालात.

१ जानेवारीचा हप्ता ऑटो-पेवर होता, तो परत गेला. ४ तारखेला कंपनीने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नकार. ८ जानेवारीला रद्द करण्याची नोटीस टपालात पडली: २० जानेवारी, रात्री १२ वाजून १ मिनिटापर्यंत (म्हणजे १९ ची मध्यरात्र उलटेपर्यंत) पैसे आले नाहीत तर पॉलिसी संपली. ही नोटीसही त्याच टपालात, नव्या कार्डाच्या शेजारी.

नोटीस मिळालीच नाही तर पॉलिसी रद्द कशी होईल, असं इथे कुणीही विचारेल. नवऱ्यानेही विचारलं. अमेरिकेत रेंटर्स पॉलिसीचा जो प्रमाण नमुना आहे, ज्याला धंद्यात एचओ-४ म्हणतात, त्यात लिहिलेलं आहे की हप्ता न भरल्यास किमान १० दिवस आधी कळवून कंपनी पॉलिसी रद्द करू शकते, आणि पॉलिसीवरच्या पत्त्यावर टपाल टाकल्याचा पुरावा म्हणजेच नोटीस दिल्याचा पुरावा. तुम्ही ती उघडली का, वाचली का, त्या वेळी कुठल्या खंडात होता, हा कंपनीचा प्रश्न नाही. ८ ते २० म्हणजे १२ दिवस. त्या बाजूने कंपनीकडे बोट दाखवायला जागा नव्हती. मला ही अट कडक वाटते. बारा महिने कागदविरहित व्यवहाराचा आग्रह धरायचा आणि पॉलिसी मारायची वेळ आली की टपालाचा आधार घ्यायचा, यात कंपन्यांची सोय आहे, ग्राहकाची नाही. पण अट आहे ती आहे.

२४ जानेवारीला मंडळी परतली. दारावर मेंटेनन्सची चिठ्ठी: "आपत्कालीन कामासाठी घरात प्रवेश केला." तारीख नाही. आत स्वयंपाकघरात मोठा पंखा जमिनीकडे तोंड करून ठेवलेला, सिंकखालचं कपाट उघडं, बाहेरच्या भिंतीलगतची फळी फुगून वर आलेली. कपाटात खाली वीस पौंडांचं तांदळाचं पोतं होतं, त्याला आंबूस वास सुटला होता. डाळींचे डबे बाहेरून गंजलेले, मिक्सरच्या खोक्याचा लगदा, आणि शेजारच्या कोनाड्यात जमिनीवर ठेवलेला प्रिंटर आणि मुलाच्या खेळण्यांची पेटी, सगळं ओलं. गोठून पाइप फुटला होता आणि पाणी खालच्या घराच्या छतातून उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी टपालाचा ट्रे आला. २६ तारखेला त्याने पाकिटं फोडली, नोटीस वाचली, नवं कार्ड ॲपमध्ये घातलं आणि २८ डॉलर भरले. ॲपने हिरवी खूण दाखवून आभार मानले. त्याला वाटलं, झालं काम.

झालं नव्हतं. रद्द झालेल्या पॉलिसीच्या खात्यावरही ॲप पैसे घेतं, कारण मागचं येणं बाकी असतं. १ ते २० जानेवारी या काळात संरक्षण चालू होतं, त्याचे सुमारे १७ डॉलर कंपनीला घ्यायचे होते. ते वळते झाले आणि उरलेले परत करण्याच्या रांगेत लागले. पैसे घेतले म्हणजे पॉलिसी चालू झाली, असा वाद कोर्टात काही वेळा टिकतो, विशेषतः कंपनीने कुठलीही अट न घालता पुढच्या काळाचा हप्ता घेतला असेल तर. इथे मात्र पावतीच्या तळाशी एक ओळ होती की ही रक्कम थकबाकीपोटी स्वीकारली असून त्याने पॉलिसी पुन्हा सुरू होत नाही. पावतीचा तळ कोण वाचतं?

२८ तारखेला लीझिंग ऑफिसचा मेसेज पोर्टलवर आला: २० जानेवारीपासून तुमचा विमा नाही, लीझचा भंग होतो आहे, दंड लागेल आणि दर महिन्याला आमच्या योजनेचे पैसे कापले जातील. त्यांना कसं कळलं? पॉलिसी घेताना घरमालकाचं नाव "हितसंबंधी" म्हणून टाकावं लागतं. पॉलिसी रद्द झाली की कंपनी त्यांनाही कळवते. लोक हे नाव टाकताना समजतात की घरमालकही आपल्या पॉलिसीत आला. तसं काही नसतं, त्याला फक्त बातमी मिळते. आणि ऑफिसची ती "योजना" म्हणजे भाडेकरूने इमारतीचं नुकसान केलं तर ते भरून घेण्याची घरमालकाची तजवीज. तिचे पैसे भाडेकरू भरतो, पण त्याचा तांदूळ, प्रिंटर, पाटल्या यातलं काहीच तिच्यात येत नाही. हे कितीतरी जणांना माहीत नसतं, आणि स्वस्त पडतं म्हणून ते तीच घेऊन बसतात.

२९ तारखेला मला फोन आला. पॉलिसी माझ्याकडून घेतलेली नव्हती, पण मंडळाच्या गणपतीत ओळख होती, आणि इथे विम्याचं काम करणारा मराठी माणूस म्हटलं की असे फोन येतातच.

"काका, पॉलिसी लॅप्स झालीय. पैसे भरलेत, पण कंपनी म्हणते एक फॉर्म सही करून पाठवा. आमच्या एलआयसीसारखंच ना? व्याज भरलं की चालू?"

त्याचं बरोबर होतं आणि नव्हतंही. एलआयसीची पॉलिसी लॅप्स झाली तर पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून ५ वर्षांपर्यंत ती पुन्हा सुरू करायची मुभा असते, मागचे हप्ते आणि व्याज भरून. आपल्याकडच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या, त्यामुळे लॅप्स या शब्दाची फारशी भीती आपल्याला वाटत नाही. जीवनविमा हा वीस-पंचवीस वर्षांचा करार, त्यात तुमचे पैसे साठलेले असतात, म्हणून तो इतका सहनशील. रेंटर्स पॉलिसी वर्षाची असते, तिच्यात साठलेलं काही नसतं. पाच वर्षं सोडाच, बऱ्याच कंपन्या महिनाभर उलटला की पुन्हा सुरू करायला नकार देतात आणि नव्याने अर्ज करा म्हणतात.

पण एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे, आणि त्याला समजावताना मला तिचाच उपयोग झाला. एलआयसीची लॅप्स पॉलिसी जागवताना तब्येतीचं निवेदन लिहून द्यावं लागतं, फॉर्म ६८०. म्हणजे मधल्या काळात काही आजार झाला का, ते सांगा. इथे जो फॉर्म आला होता तो त्याचाच भाऊ: स्टेटमेंट ऑफ नो लॉस. त्यात एकच परिच्छेद असतो. अमुक तारखेच्या रात्री १२ वाजून १ मिनिटापासून मी सही करतो आहे त्या क्षणापर्यंत कुठलंही नुकसान, अपघात किंवा ज्यातून पुढे क्लेम निघू शकेल अशी परिस्थिती घडलेली मला माहीत नाही. खाली सही, तारीख, वेळ. वेळसुद्धा.

"मग सही करू ना?"

"अरे, तुमच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलंय ना? खालच्यांचं छत गेलंय. त्याचं काय?"

थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "खालच्यांनी अजून काही मागितलं नाहीये. आणि आपलं काय, तांदूळ आणि प्रिंटर. ते सोडून देऊ. फॉर्ममध्ये लिहिलं तर ते पॉलिसीच देणार नाहीत."

मागून त्याची बायको म्हणाली, "खोटं लिहू नकोस हं." तिचा आवाज त्याच्यापेक्षा स्पष्ट ऐकू आला.

ही सगळ्यात नाजूक जागा होती. बहुतेक लोक इथे सही करतात, आणि त्यात त्यांना काही गैर करतोय असं वाटतही नाही, कारण क्लेम मागायचाच नसतो. पण फॉर्म क्लेम मागणार का असं विचारत नाही, काही घडलं का असं विचारतो. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कंपनी पुढे ती पॉलिसी मुळापासून रद्दबातल ठरवू शकते, म्हणजे एखाद वर्षाने खरोखर आग लागली तरी हाती शून्य. शिवाय न्यू जर्सीत विमा-फसवणुकीचा १९८३ चा कायदा आहे. त्याखाली पहिल्या गुन्ह्याला ५,००० डॉलरपर्यंत दिवाणी दंड होतो. २८ डॉलरच्या हप्त्यासाठी, आणि व्हिसावर राहणाऱ्या माणसाने, हा धोका पत्करणं मला कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं.

मी त्याला म्हटलं, सही आज नको. आधी एक शोध: पाइप फुटला कधी?

त्याने धरून चाललं होतं की तो लॅप्सच्या काळात फुटला, कारण परत आल्यावर दिसला आणि तोवर पॉलिसी नव्हती. पण रेंटर्स पॉलिसी नुकसान कधी दिसलं ते पाहत नाही, कधी घडलं ते पाहते. २० तारखेच्या रात्री १२.०१ च्या आधी घडलं असेल तर पॉलिसी तेव्हा जिवंत होती. हप्ता थकलेला असला तरी जिवंत, कारण नोटिशीची मुदत संपेपर्यंत संरक्षण चालूच असतं. ते १७ डॉलर त्याचेच तर होते.

मेंटेनन्सकडे प्रत्येक कामाची वर्क ऑर्डर असते. त्याने ऑफिसला ईमेल करून तिची प्रत मागितली. तोंडी विचारू नकोस, असं मी मुद्दाम सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत प्रत आली. खालच्या भाडेकरूची तक्रार: १८ जानेवारी, रात्री ९.४०, "स्वयंपाकघराच्या छतातून पाणी." प्लंबर आत गेला १०.१५ ला. शेरा: "बाहेरच्या भिंतीत गोठून फुटलेला पाइप, मागे इन्सुलेशन नाही. मेन बंद. हीट चालू, ५५." सोबत फोटो.

जेमतेम एका दिवसाने वाचला. सही आधी करून टाकली असती आणि पाइपबद्दल तोंड मिटून बसला असता, तर फॉर्म खोटा ठरलाच नसता, कारण नुकसान त्या काळातलं नव्हतं. पण स्वतःचा खरा, मिळण्यासारखा क्लेम त्याने लाजेखातर सोडून दिला असता, आणि खालच्या घराचं बिल पुढे आल्यावर कंपनीला उशिरा कळवल्याचा ठपका वेगळा.

३० तारखेला दोन कागद गेले, एकामागून एक. आधी १८ जानेवारीच्या नुकसानीची सूचना, वर्क ऑर्डर आणि फोटो जोडून. मग स्टेटमेंट ऑफ नो लॉस, फक्त २० जानेवारीपासून पुढच्या काळाचं, आणि सोबतच्या ईमेलमध्ये एक वाक्य: १८ तारखेची घटना स्वतंत्रपणे कळवली आहे, तिचा परिणाम म्हणून घरात अजून दुरुस्ती चालू आहे. ते वाक्य घालायचं की नाही यावर तो अडला होता. मी आग्रह धरला. पुढे कुणी म्हटलं की ओली फळी तर त्या काळातही ओलीच होती, तर आधी सांगितल्याचा कागद हातात हवा.

कंपनीच्या अंडररायटिंगने (विमा द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्या विभागाने) दुसऱ्या दिवशी निर्णय दिला: पॉलिसी पुन्हा सुरू, पण ३१ जानेवारीपासून. मधला खंड तसाच. याला इथे "विथ लॅप्स" म्हणतात. खंड न ठेवता सुरू करणं त्यांच्या हातात होतं, हक्काची गोष्ट नव्हती, आणि क्लेम समोर आल्यावर ते ती मेहरबानी करतील अशी मला फारशी आशाही नव्हती. २० ते ३० जानेवारी या दिवसांत त्यांच्या घरात चोरी झाली असती किंवा कुणी घसरून पडलं असतं, तर विमा नाही.

दागिन्यांचं इथेच आलं. प्रमाण नमुन्यात चोरीला गेलेल्या दागिन्यांवर सगळे मिळून १,५०० डॉलरची मर्यादा असते. मंगळसूत्र आणि दोन बांगड्यांतच ती संपते. म्हणून यांनी दागिन्यांची वेगळी यादी जोडून घेतली होती, प्रत्येक नगाची किंमत लिहून. यादीत नव्याने घेतलेल्या दागिन्याला काही दिवसांची सवलत असते, तेवढ्यात कळवलं की झालं. पण २४ तारखेला लक्ष्मी रोडच्या पाटल्या न्यूअर्क विमानतळावर उतरल्या तेव्हा पॉलिसीच नव्हती, मग सवलत कसली? ज्या खरेदीने कार्ड गेलं, तीच खरेदी विम्याविना समुद्र ओलांडून आली. पॉलिसी पुन्हा सुरू झाली तेव्हा यादी आपोआप परत आली नाही. कंपनीने नव्या किमतीचे दाखले मागितले. सोन्याचा भाव तोवर वाढला होता, त्यामुळे हे एका अर्थी बरंच झालं, जुन्या पावत्यांच्या किमती आता अपुऱ्याच होत्या. पण यादी परत लागेपर्यंतचे दिवस त्याच्या बायकोने दागिने बँकेच्या लॉकरात ठेवले.

आता क्लेम. सामानाचा भाग सरळ गेला. गोठण्यामुळे झालेलं नुकसान पॉलिसीतल्या १६ कारणांच्या यादीत आहे, पण घर रिकामं असेल तर अट अशी की तुम्ही घर उबदार ठेवण्याची वाजवी काळजी घेतलेली असावी, नाहीतर पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले असावेत. "हीट चालू, ५५" हे प्लंबरचे तीन शब्द आणि जानेवारीचं गॅसचं बिल एवढ्यावर ते भागलं. प्रिंटर, मिक्सर, गालिचा, खेळणी, किराणा मिळून १,१०० डॉलर निघाले. डिडक्टिबल, म्हणजे आपल्या खिशातून सोसायचे, ५०० वजा जाऊन ६०० हातात. तांदळाच्या पोत्याचीही ओळ यादीत होती. त्याला ती लिहायची लाज वाटत होती, बायकोने लिहायला लावली.

खालच्या घराचं प्रकरण मात्र फेब्रुवारीभर चाललं. लीझिंग ऑफिसने छत आणि फरशीचं ३,८०० डॉलरचं बिल याच्या नावाने लावलं. आधार लीझमधलं एक कलम: हिवाळ्यात तापमान ६० च्या खाली नेऊ नये. याने ५५ ठेवलं होतं. विमा कंपनीच्या दृष्टीने वाजवी काळजी आणि लीझच्या दृष्टीने भंग, दोन्ही एकाच वेळी खरं. मी त्याला एवढंच सांगितलं की बिलाला उत्तर देऊ नकोस, "चूक झाली, हप्त्याने देतो" असं तर अजिबात लिहू नकोस, ते जसंच्या तसं कंपनीच्या ॲडजस्टरकडे, म्हणजे क्लेम तपासून निकाली काढणाऱ्या माणसाकडे, पाठव. लायबिलिटीचं संरक्षण म्हणजे फक्त पैसे नव्हेत, तुमच्या वतीने भांडणारा माणूसही त्यात येतो, आणि आपली माणसं नेमकं हेच विसरून भीतीपोटी चेक फाडतात.

ॲडजस्टरने प्लंबरच्या शेऱ्यातले ते "मागे इन्सुलेशन नाही" धरून ठेवलं. बाहेरच्या भिंतीत उघडा पाइप ठेवणं ही इमारतीच्या मालकाची बाब, भाडेकरूची नव्हे. ऑफिसने उलट सांगितलं की त्यांच्या विमा कंपनीकडे पाठवतील, ती भाडेकरूकडून वसूल करेल. हा धाक पोकळ नसतो. घरमालकाच्या कंपनीने भाडेकरूवर असा दावा करावा का, यावर ओक्लाहोमात १९७५ मध्ये सटन विरुद्ध जोंडाल या खटल्यात निकाल लागला की भाडेकरू हा घरमालकाच्या आगविम्यात जणू सहभागीच असतो, सबब वसुली नाही. काही राज्यं ते मानतात, काही मानत नाहीत, काही लीझचे शब्द बघून ठरवतात. त्या वादात पडायची वेळ आली नाही. मार्चच्या सुरुवातीला कंपनीने १,४०० डॉलर देऊन घरमालकाकडून लेखी सुटका घेतली, म्हणजे यापुढे काही मागणार नाही असं लिहून घेतलं. तडजोड करायची की लढायचं हे ठरवण्याचा अधिकार पॉलिसीने कंपनीलाच दिलेला असतो. त्याला ते पटलं नाही. एक पैसाही का द्यावा, असं त्याचं म्हणणं होतं. मला ६० आणि ५५ मधल्या अंतराची किंमत म्हणून ती रक्कम ठीक वाटली.

दंडाबाबत ऑफिसने अर्धी माघार घेतली. पोर्टलवर पुन्हा सुरू झालेल्या पॉलिसीचं पान चढवल्यावर योजनेचे पैसे परत आले, लीझभंगाचा दंड मात्र राहिला, कारण मधले ११ दिवस खरोखर कोरे होते. गाडीच्या पॉलिसीवर रेंटर्ससोबत मिळणारी सवलतही त्या महिन्यात गेली होती. ती त्याच्या लक्षात एप्रिलमध्ये आली, फोन केल्यावर पुढच्या बिलापासून परत लागली.

जूनमध्ये नूतनीकरण आलं. क्लेमची नोंद उद्योगाच्या सामाईक नोंदवहीत सात वर्षांपर्यंत राहते, त्यामुळे हप्ता थोडा चढला. त्याने या वेळी ऑटो-पे काढून टाकलं आणि वर्षाचे पैसे एकरकमी भरले. लीझच्या नूतनीकरणात त्याच्या बायकोने एक अट घातली, सिंकमागची भिंत उघडून पाइपला इन्सुलेशन करून द्या. ऑफिसने सप्टेंबरमध्ये करून दिलं, आणि काम झाल्याची वर्क ऑर्डर तिने मागून घेतली.